अंगावरून वारं जातं तेव्हा

बी.ए. द्वितीय वर्ष (मराठी)

आमच्या गावाकडे या आजाराला 'वारं जाणं' म्हणतात. "अमक्याच्या अंगावरून वारं गेलं" असे कोणी सांगितले की ऐकणारा फार खोलात शिरत नाही. कोणतं अंग गेलं, उजवं की डावं, एवढे विचारतो, थोडा चुकचुकतो आणि आपल्या कामाला लागतो. जणू वारे आले आणि गेले. त्यात माणसाच्या हाती काही नव्हते. शहरात यालाच लकवा म्हणतात, पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात आणि अलीकडे वर्तमानपत्रे ब्रेन अटॅक म्हणू लागली आहेत. एका आजाराला इतकी नावे असूनही तो समोर घडत असताना ओळखता येत नाही, हा अनुभव मी घेतला आहे. म्हणून आमच्या वार्षिकांकासाठी कविता देण्याचा विचार बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. जे लिहिते ते काही वाचून, काही डॉक्टरांना विचारून आणि बरेचसे स्वतःच्या घरात पाहून लिहिते.

आमचे गाव पैठण तालुक्यात आहे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात, मी प्रथम वर्षाला असताना, दोन दिवसांसाठी गावी गेले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्रभर गव्हाला पाणी भरत होते. थंडीत दारे धरणे म्हणजे काय हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना ते घरी आले. मी साडेसहाच्या गाडीसाठी पिशवी भरत होते. त्यांनी विचारले, "डबा घेतला का गं?" मी म्हणाले, "घेतला अण्णा." हे त्यांचे शेवटचे नीट बोललेले वाक्य. तेव्हा ते मला कळण्याचे कारण नव्हते.

सहा वाजून गेल्यावर ते ओट्यावर चहा घ्यायला बसले. कप उजव्या हातातून निसटला. आम्हाला वाटले, हात गारठले असतील. मायने दुसरा कप आणला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून खाली सांडला. माय म्हणाली, "अहो, असं काय करता?" ते काहीतरी बोलले, पण त्यात शब्द नव्हता. तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसत होते. पाचदहा मिनिटांत ओट्यावर गल्ली जमा झाली. "थंडी भरली" असे एक म्हणाला. "वारं गेलं" असे दुसऱ्याने म्हटले आणि मग सगळ्यांना तेच पटले.

एकदा वारे म्हटले की पुढचे सगळे ठरलेले असते. वाऱ्याला ऊब हवी. कोणी लसूण घालून तेल कढवले आणि हातापायाला चोळायला सुरुवात झाली. शेकोटी आली. कोणी तोंडात पाणी घातले, त्याचा ठसका लागून अण्णा काळेनिळे झाले. एक म्हातारे गृहस्थ कबुतर कुठे मिळेल याची चौकशी करू लागले, कारण कबुतराचे रक्त चोळले की गेलेले अंग परत येते अशी समजूत आपल्याकडे अनेक गावांत आहे. सगळे जण मनापासून धडपडत होते. त्या सकाळी आमच्या ओट्यावर निष्काळजी असे कोणीच नव्हते, हे मला मुद्दाम नमूद करायचे आहे. सव्वाआठला जीप मिळाली. आधी जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे सलाईन लागले, एक इंजेक्शन झाले, "बघू, उतार पडेल" असे सांगितले गेले आणि दोन तास गेले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता.

तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो नाव, गाव किंवा पैसे यांविषयी नव्हता. त्या म्हणाल्या, "शेवटचे अगदी नीट कधी होते?" चुलते म्हणाले, "रात्रीपासूनच असंल." माय म्हणाली, "सकाळपासून." मी म्हणाले, "सहाला दहा कमी होते. माझ्याशी बोलले." त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवणारे औषध असते, पण त्याची वेळ टळून गेली होती आणि मेंदूचा तेवढा भाग गेल्यातच जमा होता. सव्वासहाला गावातून थेट निघालो असतो तर आठच्या सुमारास आम्ही त्याच दारात असतो. हे गणित मला कोणी सांगितले नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसून मीच केले.

आता हे वेळेचे गणित काय आहे ते सांगते. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ वीस टक्के तो एकटा घेतो. त्याच्याजवळ साठवण अशी जवळपास नसतेच. आमच्या भाषेत सांगायचे तर शेताला विहीर आहे पण मेंदूला विहीर नाही. पाटाला पाणी आले तरच पीक. हा पाट दोन प्रकारे बंद पडतो. एक तर रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. साधारण पाचांपैकी चार झटके पहिल्या प्रकारचे असतात. हे काही आजचे ज्ञान नाही. योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने १६५८ सालीच अशा रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो हे शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले होते. उपाय सापडायला मात्र त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेझ हे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर रोगी अधिक चांगला सावरतो, हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने सिद्ध झाले. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. २०१५ पासून मांडीतील किंवा हातातील रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गुठळी ओढून काढण्याची पद्धत रुळली, आणि काही निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते असे २०१८ साली दिसून आले. पण 'चोवीस तास' हे शब्द ऐकून कोणी सैल पडू नये. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेली असते तेव्हा दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशेब जेफ्री सेव्हर या डॉक्टरांनी २००६ साली मांडला. आमच्या ओट्यावर तेल कोमट व्हायला जेवढा वेळ लागला त्याला १९ लाखांनी गुणून पाहावे, असे कधी कधी मनात येते. मग मी तो विचार सोडून देते.

मराठीची विद्यार्थिनी असल्यामुळे या नावांकडेही मी जरा निरखून पाहिले. पक्षाघातात पक्ष म्हणजे बाजू आणि आघात म्हणजे तडाखा. इंग्रजीतील स्ट्रोकचा मूळ अर्थही तडाखाच. म्हणजे दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट पाहिली : माणूस उभा असतो आणि एकाएकी त्याला फटका बसतो. लकवा हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच. आणि आमचे 'वारं'? चरकसंहितेत पक्षाघाताचे वर्णन वातव्याधींमध्ये येते. तो वात म्हणजे शरीरातील एक दोष. रानात वाहणारा वारा नव्हे. पण वाताचा वायू झाला, वायूचे वारे झाले, आणि वाऱ्याबरोबर शेकोटी आली, तेल आले, घोंगडी आली. नावात काय आहे, असे आपण सहज म्हणतो. आमच्या घरी नावामुळे दोन तास गेले. 'अंगावरून' या शब्दानेही घोटाळा केला आहे. वारे अंगावरून गेले म्हटल्यावर सगळे हातापायांकडे पाहतात, चोळतात तेही हातपायच. बिघाड मात्र डोक्यात, तोही बहुधा उलट्या बाजूला. उजवे अंग गेले की डाव्या मेंदूत शोधायचे असते.

ओळखायचे कसे हे आता सांगते. 'एकाएकी' हा यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. हातपाय महिनोन्महिने हळूहळू बारीक होत असतील तर तो आजार निराळा. इथे आत्ता बरा असलेला माणूस पाच मिनिटांत बदलतो. त्याला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे. तोंडाची एक बाजू मागे राहते का ते पाहावे. दोन्ही हात समोर सरळ उचलायला, तळवे वर ठेवायला आणि डोळे मिटायला सांगावे. दहापर्यंत मोजेस्तोवर एक हात आपोआप खाली येतो का पाहावे. मग एखादे साधे वाक्य म्हणायला लावावे. "पैठणची गाडी सहा वाजता सुटते" हे पुरे. जीभ अडखळते का, शब्द उलटसुलट होतात का, की सांगितलेलेच समजत नाही, हे लगेच कळते. इथे एक गावाकडची अडचण सांगते. म्हाताऱ्या माणसाला वय विचारून परीक्षा घेऊ नये, ते त्याला एरवीही ठाऊक नसते. आणि आजीबाईंना नवऱ्याचे नाव विचारू नये, त्या एरवीही घेत नाहीत. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट चुकली तरी पुरेसे आहे. तिन्हींची वाट पाहायची नाही. याशिवाय एकाएकी तोल जाणे, एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी उठणे, हीही त्याचीच लक्षणे.

लोक धावत का नाहीत याचाही मी विचार केला. छातीत कळ आली की माणूस ओरडतो आणि घर हलते. पक्षाघात बहुतेक वेळा दुखत नाही. अण्णा एकदाही "आई गं" म्हणाले नाहीत. काही रोग्यांना तर आपला हात गेला आहे हेच कळत नाही. ते "मला काही झालं नाही" म्हणत राहतात, आणि घरचे त्यांच्यावर विश्वास ठेवतात. म्हणून रोग्याला "कसं वाटतंय?" असे विचारत बसण्यापेक्षा त्याच्याकडून हात उचलवून घ्यावेत. दुसरा फसवा प्रकार असा की पाचदहा मिनिटांत सगळे आपोआप ठीक होते. हात उठतो, बोलणे परत येते, आणि लोक नारळ फोडून मोकळे होतात. ही पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते, आणि त्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. अशा माणसालाही त्याच दिवशी, त्याच घाईने न्यायचे.

सगळीच वाकडी तोंडे पक्षाघाताची नसतात हेही खरे. चेहऱ्याची एक नस सुजून अर्धा चेहरा लुळा पडतो, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्याचे नेते धनंजय मुंडे यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे स्वतःच जाहीर केले, तेव्हा गावोगावी त्याची चर्चा झाली. त्यात सहसा कपाळाची त्या बाजूची घडीही जाते. पक्षाघातात कपाळ बहुधा शाबूत राहते. रक्तातील साखर एकदम उतरली तरी माणूस असाच बरळतो. पण हा निवाडा ओट्यावर बसून करायचा नाही. चूक झालीच तर घाईच्या बाजूने व्हावी.

मग करायचे काय? घड्याळ पाहायचे, हे पहिले. माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ कागदावर किंवा हातावर लिहून ठेवायची. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसले तर ती वेळ रात्री झोपतानाची धरतात, सकाळी उठतानाची नव्हे. दुसरे म्हणजे १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. नुसते "तब्येत बिघडली" म्हणू नये. "लकव्याचा झटका आहे, अमुक वाजता सुरू झाला" असे सांगावे. गाडीला उशीर लागणार असे कळले आणि दारात जीप असेल तर जीपने निघावे, पण मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. आमच्याकडे नेतात, म्हणून लिहिले. कुठे न्यायचे हे वाटेत ठरवू नये. जिथे सीटी स्कॅन चालू आहे आणि लकव्याचे इंजेक्शन देतात तिथेच न्यायचे. फोनवर एवढे दोनच प्रश्न विचारायचे. आपल्या शहरात १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो. खासगी मोठी रुग्णालयेही आहेत. जवळचा दवाखाना जवळ आहे म्हणून पहिला, हा आमचा हिशेब त्या दिवशी उलटा पडला.

गाडी येईपर्यंत रोग्याला कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनळीत जाणार नाही. तोंडात काहीही घालू नये : पाणी नाही, चहा नाही, मध नाही, गोळीही नाही. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. ज्यांनी थोडे वाचलेले असते ते ॲस्पिरिनची गोळी पुढे करतात, कारण हृदयविकाराच्या झटक्यात ती देतात हे त्यांना ठाऊक असते. इथे ती घातक ठरू शकते, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून देवालाही सांगता येणार नाही. ते सीटी स्कॅनच सांगतो. गुठळीचे औषध रक्तस्रावात दिले तर आगीत तेल. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरच्या घरी गोळी देऊन तो झपकन उतरवणेही चूक. चोळणे, शेकणे, रक्त काढणे हे तर सांगायलाच नको. रोज घ्यायच्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद मात्र सोबत घ्यावेत. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

हे दुखणे फक्त शहरातल्या बैठ्या, लठ्ठ, श्रीमंत लोकांचे आहे असे मला वाटायचे. ते खोटे ठरवणारा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेत, जिची स्थापना डॉ. अभय व राणी बंग यांनी केली, डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेले मृत्यू तपासले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे सातांत एक, पक्षाघाताने झालेले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. त्यातील बहुतेक माणसे घरातच गेली. हिवताप आणि सर्पदंश यांच्यासाठी आपण ज्या जिल्ह्याचे नाव घेतो त्या जिल्ह्याची ही गोष्ट. आकडे वाचताना मला आमचा ओटा दिसत होता.

कारणांमध्ये वाढलेला रक्तदाब सर्वांत पुढे. नंतर तंबाखू, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके वगैरे. अण्णांचा रक्तदाब दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात वाढलेला निघाला होता. त्यांनी दहा दिवस गोळी घेतली आणि "आता बरं वाटतंय" म्हणून सोडली. मुळात त्यांना आधीही बरेच वाटत होते! रक्तदाब वाढल्याचे बहुधा कळतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजायला पैसे लागत नाहीत, पण ज्याला काही होत नाही तो शेत सोडून तिथे कशाला जाईल, हा प्रश्न मी अण्णांच्या बाजूने विचारते. चुन्याची डबी मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती, हेही लिहिले पाहिजे.

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या निमित्ताने गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रमात एका डॉक्टरांचे व्याख्यान झाले होते. मी शेवटच्या रांगेत बसले होते, खरे सांगायचे तर हजेरीसाठी. तरी वहीत लिहून घेतले होते : चेहरा, हात, बोलणे, वेळ. त्यानंतर दीड महिन्यात ती चारही माझ्यासमोर ओट्यावर आली. तोंड वाकडे दिसले, तेव्हा ती वही माझ्या पिशवीतच होती. मला आठवले नाही असे मी सगळ्यांना सांगितले आहे, इथे मात्र खरे लिहिते. मला आठवले होते. मी म्हणाले, "चुलते, मोठ्या दवाखान्यात नेऊ या का सरळ?" ते तेल चोळता चोळता म्हणाले, "गप बस. तुला काय कळतं त्यातलं?" आणि मी गप्प बसले. एवढ्या मोठ्या माणसांत मुलीने दुसऱ्यांदा बोलायचे नसते हे मला कोणी शिकवावे लागले नव्हते. कॉलेजात गेलेली घरातली पहिली म्हणून माझे कौतुक करणाऱ्या माझ्याच माणसांना मी कॉलेजात ऐकलेली एक ओळ ऐकवू शकले नाही. चुलत्यांचा राग मी धरत नाही. ते त्या दिवशी आपल्या भावासाठी रडत होते. पण मी तेव्हा ओरडायला हवे होते. १०८ ला फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही, मोबाइल माझ्याच हातात होता.

अण्णा वाचले. उजवा पाय ओढत चालतात, उजवा हात खांद्यापर्यंत उठतो, बोटे वळत नाहीत. पहिले तीन ते सहा महिने सुधारणा झपाट्याने होते, नंतर हळूहळू होत राहते, असे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितले होते आणि तसेच घडत आहे. नातेवाइकांनी राजस्थानातील नागौर जिल्ह्यात बुटाटी येथे नेण्याचा आग्रह धरला. लकव्याच्या रोग्यांना घेऊन लांबलांबून लोक तिथे जातात आणि सात दिवस राहतात. आम्ही अजून गेलो नाही. जाणाऱ्याच्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, फक्त पहिल्या साडेचार तासांत तो रस्ता धरू नये.

सर्वांत कठीण गेले ते बोलणे. डाव्या मेंदूत भाषेची केंद्रे असतात हे पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रोग्यावरून दाखवायला सुरुवात केली, तो काहीही विचारले तरी 'तां' एवढाच आवाज काढी. अण्णांचा तसा एक शब्द आहे, "ते". पाणी हवे तरी ते, माय हवी तरी ते. समजते सगळे, अडते ते ओठांशी. भाषा हा माझा अभ्यासाचा विषय, आणि घरी भाषेविना बसलेला बाप. परीक्षेत भाषेची व्याख्या लिहिताना माझा पेन थांबला होता.

पण एक नवल घडले. अण्णा वारकरी, नाथषष्ठीला पैठणला न चुकता जाणारे. एका संध्याकाळी देवळात हरिपाठ चालू होता, त्यांना आम्ही टाळकऱ्यांशेजारी बसवले. दोनतीन चरण गेले आणि अण्णांच्या तोंडून शब्द येऊ लागले, ओळीच्या ओळी, चालीसकट. माय रडायला लागली. हरिपाठ संपला, मी विचारले, "अण्णा, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "ते." डॉक्टर मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी समजावले की पाठ असलेली गाणी, अंक, वारांची नावे यांची वाट मेंदूत थोडी निराळी असते, उजव्या बाजूचा तिला हात लागतो, म्हणून बोलणे गेलेला माणूसही कधी कधी गाऊ शकतो. गाण्याच्या आधाराने बोलणे शिकवण्याची पद्धतही आहे. आता मी गावी गेले की आम्ही दोघे चालीवर शब्द म्हणतो. 'पाणी' दोन महिन्यांत आले. 'भाकर' अजून अर्धीच येते.

या दिवाळीत ओट्याच्या भिंतीवर मी गेरूने लिहिले : तोंड, हात, बोली, वेळ, आणि खाली १०८. गल्लीतली पोरे ते बाराखडीसारखे ओरडत फिरतात. चुलते तिथे रोज बसतात, पण वर्षभरात त्या सकाळविषयी एक शब्द बोलले नव्हते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघाले होते, पिशवी भरत होते, तेव्हा ते आत आले आणि म्हणाले, "पोरी, ते हात वर करायचं काय होतं, एकदा दाखव बरं."

मी दाखवले. दोन्ही हात समोर, तळवे वर, डोळे मिटून. चुलत्यांनी तसेच केले. डोळे उघडले तर ओट्यावरून अण्णाही हात उचलत होते. डावा सरळ होता. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला.